थेब्जच्या धोट्याची कैफियत

मी एक धोटा आहे. विणकरणीच्या हातातून ताण्याच्या या कडेहून त्या कडेला धावणं हाच माझा जन्म. ऑलिव्हच्या लाकडातून मला ग्रीक मुलखातल्या थेब्जच्या एका सुताराने कोरलं. बायझंटाइन सम्राटाचं राज्य होतं ते. आमची माणसं मात्र स्वतःला रोमीच म्हणवत. राजधानीतल्या दरबारासाठी लागणारं जांभळं रेशीम आमच्या गावात विणलं जाई.

माझी मालकीण एव्दोकिया. तिचा नवरा तापाने गेला, तेव्हा पदरात दोन वर्षांची थेक्ला होती. पोरीला मागाच्या खांबाला ओढणीने बांधून ती विणत बसे. कांडीवरचा धागा संपला की एक घास पोरीला, एक स्वतःला. भाकरी, कांदा, फार तर एखादं ऑलिव्ह. गरिबी होती, पण दोघी सुखात होत्या.

मग सिसिलीच्या नॉर्मन राजाचं आरमार आलं. सैनिक घराघरात शिरले. एव्दोकिया पोरीला घेऊन चर्चकडे धावली. घाईत मी तिच्या मुठीतच राहिलो. दारात एका सैनिकाने तिची मूठ उघडली. मला पाहिलं आणि तो हसला. शेजारची फुलवाली त्याने सोडून दिली, एव्दोकियाला मात्र पोरीसकट जहाजात चढवलं. ती विणकरीण आहे हे ओळखवून दिलं ते मी.

सिसिलीत, पालेर्मोच्या राजवाड्यात, आमच्यासाठी माग तयारच होते. मुकादम निलोस तिथलाच, पण ग्रीक बोलणारा. वाईट नव्हता; मार क्वचितच द्यायचा. पहिल्याच वर्षी काही कैदी खंडणी भरून सुटले, काही बिनकामाचे म्हणून सोडले. विणकर एकही सुटला नाही. एव्दोकियाने ते पाहिलं आणि त्या दिवसापासून पोरीला मागाजवळ फिरकू दिलं नाही.

थेक्ला कोश उकळायच्या कढया घासायची, मासळी साफ करायची. शिकव म्हणून मागे लागली की आई चारचौघींत म्हणायची, “हिच्या हातात जीवच नाही. बापावर गेलीय मठ्ठ.” बाया हसायच्या. खरं कारण पोरीला सांगायची सोय नव्हती. पोरांच्या तोंडून गोष्ट फुटते, आणि निलोसचे कान तिखट होते.

पण मला एक ठाऊक होतं. दुपारी आई जेवायला गेली की थेक्ला गुपचूप मागावर बसायची. दोन-चार धागे विणून पुन्हा उसवायची. तिचा हात आईपेक्षा हलका होता. मी लाकूड, कुणाला सांगणार?

अकरा वर्षांनी सम्राटाचा आणि राजाचा तह झाला. कैदी परत पाठवायचे, फक्त रेशीम विणणारे सोडून. गलबत बंदरात लागलं. निलोस एकेकीची परीक्षा घेऊ लागला. शेजारची सोफ्रोनिया म्हातारी डोळे गेल्यामुळे सुटली. मग थेक्लाची पाळी आली. त्याने मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, “चालव.”

तिच्या मुठीत मी बरोबर बसलो. अंगठा आपोआप कांडीवर गेला, जिथे जायला हवा अगदी तिथेच. मनाशी म्हटलं, संपलं.

तेवढ्यात एव्दोकिया मागून ओरडली, “ठेव खाली! सूत वाया घालवशील, मठ्ठ कुठली!”

थेक्लाने वळून आईकडे पाहिलं. मग तिच्या हातून मी सुटलो आणि फरशीवर आपटलो. माझं टोक तिथे तुटलं. निलोसने मान हलवून तिला सोफ्रोनियाच्या रांगेत ढकललं. मायलेकींना गळाभेटही घेता आली नाही.

त्या दिवशी एव्दोकियाने नेहमीइतकंच विणलं. संध्याकाळी शेजारच्या मागावरच्या बाईला इतकंच म्हणाली, “अंगठा पाहिलास तिचा? माझ्या आईचा असाच होता.”

थेक्ला मुद्दाम चुकली की त्या शिवीने तिचा हात खरंच सैल पडला, हे मी आजही सांगू शकत नाही. एव्दोकियालाही कळलं नाही. थेब्जहून निरोप कधी आला नाही. नऊ हिवाळ्यांनी ती खोकल्याने गेली. तिच्या मागावर नवी पोर बसली. तिला तुटक्या टोकाचा धोटा नको होता.

आता मी मागाच्या मोडक्या फण्यांच्या टोपलीत पडून असतो. धागा माझ्यात अडकतो, मी कुणाच्या कामाचा नाही. त्याचं दुःख नाही. पण तुमच्यापैकी कुणी थेब्जकडे निघालं असेल, तर थेक्लाचं घर शोधा. आता ती बाई झाली असेल, कदाचित तिलाही मुलगी असेल. तिला सांगा, तुझा अंगठा बरोबर जागी होता. आईने पाहिला होता.