पहिल्या मिक्सरची तक्रार

कारखान्याला पन्नास वर्षं पुरी होणार म्हटल्यावर त्रिशलानं सगळी तयारी अंगावर घेतली. मांडव ठरला, आचारी ठरला, पण तिचं मन दुसरीकडंच अडकलं होतं. काँक्रीट कालवायचा पहिला मिक्सर तिच्या आजोबांनी, अण्णासो मगदुमांनी, शाहूपुरीतल्या भाड्याच्या पत्राशेडमध्ये बनवला होता. तो शोधून आणायचा आणि शिरोलीच्या नव्या कारखान्याच्या दारात हार घालून उभा करायचा, असं तिनं मनाशी ठरवलं.

खरं कारण आजोबाच होते. कारभार नातीकडं सोपवल्यापासून अण्णासो रोज सकाळी पांढरी टोपी घालून कारखान्यात यायचे, चहा घ्यायचे, कामगारांना रामराम करायचे आणि घरी परतायचे. "मला आता कोण काय विचारतंय!" असं हसत म्हणायचे, पण त्रिशलाला ते हसू टोचायचं.

पहिला मिक्सर कुरुंदवाडच्या पिराजी ठेकेदारांनी नेला होता, हे अण्णासोंना पक्कं आठवत होतं. पिराजी आता हयात नव्हते. त्यांच्या सुनेचा, शालूबाईंचा नंबर मिळाला. फोनवर त्या म्हणाल्या, "हाय की! रोज चालतोय. या बघायला."

बदल्यात द्यायला नवा कोरा मिक्सर टेम्पोत चढवून आजोबा-नात कुरुंदवाडला पोचली. टेम्पो थांबला, तोच गोठ्यातून खडाड्‌खड आवाज उठला. आत शालूबाईंनी मिक्सरच्या पिंपात सरकीची पेंड, भुसा आणि मक्याचा भरडा टाकला होता. म्हशींचं आंबोण कालवणं चाललं होतं. पिंप सतरा ठिकाणी ठिगळलेलं, पण फिरत होतं.

अण्णासो बघतच राहिले. शालूबाईंनी बटण बंद केलं आणि पदरानं हात पुसत विचारलं, "तुमीच बनवलाय व्हय ह्यो?"

"व्हय," अण्णासो ताठ झाले.

"बरं झालं गावलासा! अवं, केवढा ह्यो आवाज? धारंच्या वक्ताला मशीन सुरू झाली की म्हशी बिथरत्यात, पान्हा सोडत न्हाईत. आदी कालवून ठेवावं तर आंबतंय. इतकी वर्सं कुणाला सांगायचं, बनवणारा गावलाच न्हाई!"

आजोबांना वाईट वाटणार, म्हणून त्रिशला घाईनं पुढं झाली. "मावशी, हा नवा मिक्सर घ्या. अजिबात आवाज नाही. जुना आम्ही नेतो."

शालूबाईंनी टेम्पोत डोकावून पाहिलं. "ह्यो राक्षस नगं बाई. गोठ्याच्या दारातनं शिरायचा न्हाई. माझा ह्योच बरा हाय, फक्त गप करून द्या."

आणि त्रिशलानं पाहिलं, तर आजोबांचा चेहरा उजळला होता. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली, बाह्या सारल्या. "सुरू करा बघू परत," म्हणाले. पिंपाजवळ कान नेऊन त्यांनी आवाज ऐकला. "बरोबर हाय तुमचं, वैनी. दाताचं चाक झिजलंय. मोटरीकडचा छोटा गिअर काढून नेतो. तवर हातानं कालवा."

शिरोलीत मात्र पंचाईत झाली. तो गिअर अण्णासोंनी आधी लाकडात हातानं कानस मारून घडवला होता आणि त्या नमुन्यावरून लोखंडात ओतून घेतला होता. त्याचे दात कुठल्याच मापात बसत नव्हते. त्रिशलानं काँप्युटरवर माप घेऊन एक गिअर कापला, पण जुन्याला लावून पाहिला तर दात जुळेनात. अण्णासोंनी बोट फिरवून चुकलेली नेमकी जागा दाखवली. मग त्रिशलाच म्हणाली, "आज्जा, लोखंडाचा कशाला? नायलॉनचा करू. आवाजच येणार नाही."

"प्लॅस्टिक? काँक्रीटच्या मिक्सरला?"

"आता काँक्रीट कुठं आहे त्यात? पेंड आहे!"

अण्णासो इतके हसले, की शेजारचे कामगार काम थांबवून बघायला लागले. "कर बाई, कर."

संध्याकाळच्या धारेला दोघं पुन्हा गोठ्यात हजर झाली. गिअर बसवला, पायांखाली रबर घातलं. शालूबाई बादली घेऊन म्हशीजवळ बसल्या आणि त्रिशलानं बटण दाबलं. पिंप नुसतं घुं करत फिरायला लागलं. मशीनकडं कुणीच बघेना, सगळ्यांचे डोळे म्हशीवर. म्हशीनं एक कान हलवला, रवंथ चालू ठेवला, आणि बादलीत चर्र चर्र धार पडायला लागली.

"जमलं!" म्हणून अण्णासोंनी जोरात टाळी पिटली. म्हैस दचकली, बादली कलंडता कलंडता राहिली.

"अवं, मशीन गप केलीसा आन् आता तुमीच दंगा करतायसा व्हय!" शालूबाई ओरडल्या.

कार्यक्रमाला मिक्सर काही आला नाही, शालूबाई मात्र पाहुण्या म्हणून आल्या. सोबत घट्ट बासुंदीचा डबा होता. माईक हातात दिल्यावर त्यांनी सांगितलं, "मशीन चांगली हाय. पैल्यापास्नं आवाज कमी असता, तर आनी चांगली असती." मांडव हसून लोटपोट झाला, आणि सगळ्यात मोठ्यानं अण्णासो हसले.

जेवणाच्या पंगतीत त्या अण्णासोंच्या शेजारी बसल्या होत्या. "माझी भैन कबनूरला ऱ्हाती. तिच्या पाच म्हशी हाईत. तिच्यापुरता बारका मिक्सर हुईल का वो?"

अण्णासोंनी बासुंदीची वाटी बाजूला ठेवली. "दार केवढं हाय त्यांच्या गोठ्याचं?"

शालूबाईंनी दोन्ही हात पसरून माप दाखवलं. अण्णासोंनी मान वळवून हाक मारली, "त्रिशला! टेप घेऊन ये गं जरा."