जे जपायचं, त्याची वायर

"जे जपायचंय ना पोरी, त्याची वायर आधी काढायची. मग कीबोर्डला हात लावायचा."

शाळेच्या कार्यशाळेत, लाकडाच्या भुशाच्या वासात तिचे शिक्षक मिस्टर लेहतो हे म्हणाले तेव्हा मार्लिस सोळा वर्षांची होती. टेबलावर मोडीत निघालेला एक संगणक पोट उघडून पडला होता. शेजारी फ्लॉपींची चळत. जगात कुठेकुठे बसलेल्या माणसांनी लिहिलेली, सगळ्यांना वाटून टाकलेली, ज्याला हवी त्याने आतून उघडून बघावी अशी ती लिनक्स प्रणाली एकेका फ्लॉपीतून घरघरत आत जात होती. बाहेर बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढला होता.

"नवी प्रणाली बसवायची म्हणजे घर रिकामं करून धुवून काढायचं," ते म्हणाले होते. "यंत्र तुला एकदाच विचारतं, कुठलं घर धुऊ? तू भलतीकडे बोट दाखवलंस तर ते वाद घालत नाही. आपल्या बायकोसारखं नाही ते." मागच्या बाकावरची मुलं हसली होती. मिस्टर लेहतो हसले नव्हते. त्यांनी एक चपटी केबल डिस्कच्या पाठीतून उपसून मार्लिसच्या हातात ठेवली होती, पाखराचं पिल्लू ठेवावं तशी.

तेव्हापासून तिने किती यंत्रं धुतली असतील. गावाच्या ऑफिसची, अग्निशमन केंद्राची, वाचनालयाची. आता हे तिचंच काम होतं आणि शेजारच्या दोन गावांतूनही तिला बोलावणं येई. प्रत्येक वेळी तिने आधी झाकण उघडलं, जपायची ती डिस्क सोडवली, मग नव्या प्रणालीचा पेन ड्राइव्ह लावला. यंत्र त्या पेन ड्राइव्हवरून जागं व्हायचं, प्रश्न विचारायचं, आणि ती निर्धास्त उत्तरं द्यायची.

यंदा फेब्रुवारीत मात्र तिने झाकण उघडलं नाही.

वाचनालयाचा सर्व्हर मागच्या खोलीत बॉयलरला चिकटून होता. त्याची प्रणाली जुनी झाली होती, तिची डागडुजी करणाऱ्यांनी हात आवरता घेतला होता, म्हणून नवी बसवायची होती. यंत्रात दोन डिस्क होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, जुळ्या बहिणी. मिस्टर लेहतोंनीच त्या कधीतरी आणून बसवल्या होत्या. एकीवर प्रणाली होती. दुसरीवर लेम्पीची गाणी.

लेम्पी म्हणजे मिस्टर लेहतोंची बायको. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तांब्याच्या खाणी बंद पडल्यानंतर, खाणकामगारांच्या म्हाताऱ्या बायका एकेक करून जायला लागल्या, तेव्हा ही बाई टेप रेकॉर्डर काखेत घेऊन घरोघर हिंडली. फिनलंडहून बोटीतून इकडे आलेली गाणी. दूध काढतानाची, कपडे धोपटतानाची, पाळण्याजवळची. लेम्पी गाणी मागायची आणि मिस्टर लेहतो गाडी चालवायचे. टेपांना पुढे तळघरातल्या पुराने बुरशी धरली. त्याआधी मिस्टर लेहतोंनी सगळं संगणकावर उतरवून ठेवलं होतं म्हणून वाचलं. एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर होती. तीही गेल्या शरदात फिरायची थांबली. नवी नक्कल पुढच्या आठवड्यात करू, मार्लिस म्हणाली होती. तो आठवडा आलाच नाही.

झाकण उघडायचं तर आधी नाताळच्या सजावटीची खोकी हलवायला हवी होती. कुणीतरी ती यंत्राला टेकवूनच रचली होती. बाहेरून बेव, वाचनालयाची बाई, ओरडत होती, "मार्लिस, वेलदोड्याचा पाव संपतोय बरं का! मी काही राखणीला बसलेली नाही!"

"आले गं. दोन मिनिटं."

पडद्यावर दोन ओळी आल्या. दोन्ही डिस्क, दोन्हींपुढे लांबलचक आकडा. तो आकडा आधी लिहून ठेवलेल्या कागदाशी ताडून बघायचा असतो, पण रोजच्या कामात प्रणालीची डिस्क नेहमी वर दिसते हे मार्लिसला पाठ होतं. त्या दिवशी पेन ड्राइव्ह लागल्यामुळे यंत्राने मोजायला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली होती. यंत्राने विचारलं, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल?

मार्लिसने हो म्हटलं आणि पाव खायला गेली.

परत येऊन तिने दुसरी डिस्क उघडली, गाणी जागच्या जागी आहेत ना बघायला. तिथे जुनी प्रणाली जशीच्या तशी बसली होती, धूळसुद्धा न झटकलेली. म्हणजे मार्लिसने धुतली होती ती गाण्यांची डिस्क. तिने यंत्र तिथल्या तिथे बंद केलं. मग खोकी हलवली. आता हलवली. झाकण उघडून गाण्यांची डिस्क काढली, मऊ पिशवीत घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.

बुधवारी मिस्टर लेहतो आले. दर बुधवारी येत. कोट खुंटीला लावायचे, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, हेडफोन चढवायचे आणि डोळे मिटून लेम्पीची गाणी ऐकायचे.

"मिस्टर लेहतो," मार्लिस म्हणाली, "ती डिस्क गेली."

"शाळा सुटून जमाना झाला, आर्मस म्हण मला. गेली म्हणजे कुठे गेली?"

"म्हणजे... म्हातारी झाली होती ती."

एवढंच बोलली ती. म्हटलं तर खोटं नव्हतं. त्यांनी हेडफोन हातात घेतलेलेच होते, ते हळूच टेबलावर ठेवले आणि वायर नीट गुंडाळायला लागले.

"माझीच चूक," ते म्हणाले. "मोडीतून आणलेली जोडी ती. गावाचं ऑफिस नवी देत होतं, मीच म्हटलं, कशाला, या अजून ठणठणीत आहेत. लेम्पी नेहमी म्हणायची, आर्मस, तुझा हा कंजूषपणा एक दिवस आपल्याला नडेल."

मार्लिसने तोंड उघडलं. पुढचं वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. मग त्यांनी वर पाहून विचारलं, "तू तर काही वाईट वाटून घेतलं नाहीस ना?" आणि तिने मान हलवली. नाही.

त्यानंतर ते घरोघर जायला लागले. ज्यांच्या आया-आज्या त्या डिस्कवर गात होत्या, त्यांच्याकडे. बेव सगळी खबर ठेवून होती.

"काल पोस्टात आर्मस एल्मा कांगसपुढे टोपी काढून उभा होता," ती पुस्तकांवर शिक्के मारता मारता म्हणाली. "म्हणे, तुझ्या आईचं गाणं माझ्या हातून गेलं. एल्माला आधी वाटलं याला काहीतरी झालंय. नंतर दोघंही रडले. तिकिटं घ्यायला आलेली माणसं मागे खोळंबलेली!"

"तू त्यांना सांग ना, त्यांची चूक नाही म्हणून."

"मी सांगू? मला काय कळतं त्यातलं? मी त्या यंत्राला पुसते तेही बाहेरून. तू सांग. तुझं ऐकतो तो."

मार्लिस मागच्या खोलीत गेली आणि खोक्यांवर बसून राहिली.

डिस्क मेलेली नव्हती, हे तिला माहीत होतं. नव्या प्रणालीने घराच्या दारापाशी थोडी जागा व्यापली होती; बाकीचं घर खाली तसंच होतं, फक्त खोल्यांवरच्या पाट्या पुसल्या गेल्या होत्या. सगळ्या डिस्कची नक्कल उतरवून घ्यायला तिने मोठी डिस्क मागवली होती, पण वादळामुळे टपाल अडकलं होतं. धीर धरवेना म्हणून एका दुपारी तिने दुसऱ्या यंत्रावर, काही लिहिलं जाणार नाही अशा बेताने, हरवलेलं शोधणारा प्रोग्राम थोडा वेळ चालवून पाहिला. तुकडे मिळाले. नाव नसलेले. कुणाचा नुसता श्वास. बादलीत पडणारी दुधाची धार. आणि मग एक घोगरा आवाज, भाषा तिला आजीमुळे कळणारी:

*बर्फा रे बर्फा, सर माझ्या दारातून*
*धनी येईल गं माझा, भुईच्या पोटातून*

पुढची ओळ नव्हती. कुणाचा तो आवाज? लेम्पीने नावं टेपवर कधी बोलून ठेवली नव्हती; ती फाइलींना दिलेली होती आणि तीच पुसली गेली होती. त्यानंतरच्या तुकड्यात भांड्यांचा आवाज, लेम्पीचं हसू, आणि लांबून, दारातून आल्यासारखा एक तरुण पुरुषी स्वर: "लेम्पी, चल गं, गाडी गोठेल!"

मार्लिसने हेडफोन ओरबाडून काढले.

तोवर तिच्या मनात एक बेत होता. तुकडे जुळवायचे, गाणी परत आणायची आणि म्हणायचं, बघा, डिस्क जिवंत झाली. कुणाला काही कळणार नाही. पण कुठला आवाज कुणाचा, हे सांगू शकणारा माणूस आता जगात एकच होता. तो त्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या दारात कोट घालून खोळंबला होता.

शनिवारी दुपारी ते आले तेव्हा त्यांच्या हातात ड्रिल होतं.

"कुठाय ती?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"अगं, डिस्क. मेलेल्या डिस्कला भोक पाडल्याशिवाय टाकायचं नाही, कुणाच्या हाती काय लागेल सांगता येत नाही. शिकवलंय ना तुला? लोकांची आतली गाणी आहेत ती. मी आणली, मीच निरोप देतो. मग घरी जाऊन साउनाची भट्टी पेटवतो, वाफेत बसतो."

"राहू द्या ना. मी करते नंतर."

"तू नेहमी नंतर करतेस," बेव म्हणाली आणि ड्रॉवर उघडून मऊ पिशवी तिने बाहेर काढली. "ही घे आर्मस. केव्हाची जपून ठेवलीय हिने, अंडं ठेवावं तशी."

मिस्टर लेहतोंनी टेबलावर जाड लाकडाचा ठोकळा ठेवला. डिस्क त्यावर चिमट्यात धरली. चष्म्यावर आणखी एक मोठा चष्मा चढवला, शाळेतला असावा, कडेला अजून भुसा दिसत होता. ड्रिलचं टोक जागेवर येईना. त्यांनी डावा तळवा डिस्कच्या पाठीवर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"एल्माची आई यात आहे," ते कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाले. "हिल्मा निएमी आहे. ती गाताना उठून चूल बघून यायची, मग लेम्पी बटण दाबून बसायची. चूक माझी, आणि या बायका मात्र..."

त्यांनी ड्रिल सुरू केलं. खोलीभर तो आवाज घुमला. बेवने कान झाकले. टोक खाली येऊ लागलं.

मार्लिसने पुढे होऊन भिंतीतली ड्रिलची वायर उपसली.

आवाज घरघरत थांबला. मिस्टर लेहतोंनी आधी ड्रिलकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या वायरकडे. तिने ती छातीशी धरली होती.

"काय गं?"

"ती मेलेली नाही."

"काय म्हणतेस?"

"मेलेली नाही, मिस्टर लेहतो. म्हातारीही नव्हती झाली. तुमची जोडी ठणठणीत होती." तिने डिस्ककडे बोट केलं. "मी पुसली. बोट भलतीकडे दाखवलं मी. खोकी हलवायचा कंटाळा केला, झाकण उघडलं नाही, आणि जे जपायचं होतं त्याची वायर काढली नाही."