उसना पहारा

खंडोजी जगदाळे ब्रह्मदेशच्या लढाईला गेले. त्यांचे पुत्र बहिर्जी मेसोपोटेमियात लढले आणि डाव्या हाताची दोन बोटे तिकडेच ठेवून आले. बहिर्जींचे पुत्र शिवराम, म्हणजे आमचे दादा, इटलीच्या डोंगरात होते. तिघेही जिवंत परतले आणि तिघांनीही घरात त्याविषयी अवाक्षर काढले नाही. आमच्या घराण्यात हीच शिस्त मानली जाई. ती मोडली शिवरामांच्या धाकट्या मुलाने, माझ्या भावाने, सुभेदार रंगराव जगदाळे याने.

तो बोलू लागला तोही निवृत्तीनंतर, शाळा-कॉलेजांच्या आग्रहाने. ऑगस्ट आणि जानेवारी आले की गुलटेकडीच्या आमच्या फ्लॅटची बेल वाजू लागे. मुले येत, मोबाइल समोर ठेवत, "सर, भीती वाटली का?" असे विचारत. रंगराव एकाहत्तरचे युद्ध पाठ म्हटल्यासारखे सांगे. मी पोहे देई. मुले फोटो काढून जात. अलीकडे मात्र ती गेल्यावर तो जो आडवा होई, तो दिवेलागणीलाच उठे. हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्याचा चेहरा नेहमीच थकलेला असतो, पण तो थकवा निराळा होता.

यंदा जानेवारीत पूर्वा आणि समाधान ही दोन मुले आली. त्यांच्या बाईंनी एक नियम घालून दिला होता. सैनिकाची हकिकत त्याच्याच तोंडी, 'मी' म्हणून लिहायची, आणि कॉलेजात वाचण्यापूर्वी ती त्याला वाचून दाखवायची. त्याने मान डोलावली तरच ती पुढे जाणार. मला हा नियम आवडला. आजकाल विचारून कोण काय करते?

दुसऱ्या खेपेस पूर्वा वाचू लागली. आवाज चांगला होता. "मला सणकून ताप भरला होता. माझा पहारा लागला होता. माझा मित्र सीताराम रणपिसे म्हणाला, तू झोप, मी जातो. पहाटे त्याच जागी तोफगोळा पडला. माझ्यासाठी सीतारामने आपल्या प्राणांचे बलिदान दिले."

"खोटं आहे," रंगराव म्हणाला.

समाधान गडबडला. "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना? रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे."

"बलिदान मी म्हणालो?"

"नाही सर, तो शब्द आमचा," पूर्वा म्हणाली. "आम्हाला वाटलं, रिस्पेक्ट म्हणून..."

"ठेव तो रिस्पेक्ट तुझ्याकडे." रंगराव मुलींशी असे कधी बोलत नसे. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "बाळ, पहारा बदलून घेतला होता आम्ही. तुकडीत रोजच चालायचं ते. तो म्हणाला, तुझा रात्रीचा मी करतो, उद्या दुपारचा माझा तू कर. बारा ते दोन. मला दुपारी झोपायला मिळेल, म्हणाला. उजाडल्यावर तुकडी पुढे सरकली. दुपारी त्या जागेवर पहाराच नव्हता. म्हणजे मी त्याचा एक पहारा देणं लागतो. तुम्ही बलिदान लिहिलंत की माझं देणं संपलं. मग हार घालायचा, टाळ्या वाजवायच्या. बलिदान कुणी फेडतं का?"

पूर्वाने वही मिटली नाही. तिने खालच्या आवाजात विचारले, "सर, हे सीताराम सरांच्या घरी माहीत आहे?"

रंगराव खिडकीकडे पाहू लागला. उत्तर मला ठाऊक होते. बहात्तर साली तो हडपसरला सीतारामच्या आईपुढे जाऊन बसला होता. 'शूर होता' एवढेच बोलून तो पाणीही न पिता उठला. त्यानंतर त्या गल्लीत त्याने पाऊल टाकले नाही.

त्या दिवसापासून त्याने एकच धोशा लावला. "आक्का, मला हडपसरला जायचंय."

"कशाला? तिथे आता कोण आहे, नाही, तुला ठाऊक नाही. जिने किती, ठाऊक नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय, ते मात्र मला ठाऊक आहे."

"एक ड्युटी करायची आहे."

"अठ्ठ्याहत्तरीला? गप पड."

तो गप्प पडला. पण मग जेवणही निम्म्यावर आणले. मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. दादा रणांगणावर असताना आमच्या आईचे जेवण असेच निम्म्यावर आलेले मी ऐकून आहे. हे घर मी चालवते, पण भुकेवर माझा हुकूम चालत नाही.

आठवड्याने पूर्वा एकटीच आली. चप्पल काढतानाच म्हणाली, "आजी, रागावू नका. सरांच्या रेकॉर्डिंगमध्ये हडपसरचं नाव होतं, विचारत विचारत मी तिथे जाऊन आले. सीताराम सरांच्या मोठ्या बहीण आहेत, चंद्रभागाबाई. मी नवीन लिहिलेलं आधी त्यांना वाचून दाखवलं."

"मला न विचारता?" मी म्हणाले.

"हो. पण त्यांच्या भावाची गोष्ट आहे ना."

मी बाजूला होऊन तिला आत घेतले.

रंगराव खुर्चीत पुढे सरकला. "काय म्हणाल्या?"

"बदलून घेतलेल्या पहाऱ्याचं त्यांना माहीतच नव्हतं. त्या पडून असतात, सर. खुब्याचं हाड मोडलंय. मुलगा धम्मदीप खराडीला ऑफिसात असतो. सांभाळणाऱ्या मावशी बाराला जातात आणि सूनबाई शाळेतून दोनला येतात. मधले दोन तास कोणी नसतं. त्या म्हणाल्या, दुपारचाच ना पहारा? मग सांग त्याला, माझ्याकडं दुपारचं कुणी न्हाई. सीताराम असता तर तोच बसला असता. लई उशीर केलास म्हणावं."

रंगराव रडला नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिले. लहानपणी विहिरीवर पोहायला जाऊ का, म्हणून पाहत असे तसे.

"उद्या," मी म्हणाले. "आणि मी बरोबर येणार."

रिक्षावाल्याला हडपसर गाठायला पाऊण तास लागला. रंगरावाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, छातीवर पदके नव्हती. घर तळमजल्यावर होते, हे माझे नशीब. मावशी पिशवी घेऊन निघण्याच्या बेतात होत्या. त्यांनी गोळ्या दाखवल्या, पाण्याचा तांब्या दाखवला आणि त्या गेल्या.

चंद्रभागाबाई भिंतीकडच्या खाटेवर होत्या. अंगाने अगदी वाळलेल्या, नजर मात्र धारदार. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्याखाली गणवेशातला कोवळा सीताराम.

"तू रंगराव?"

"होय, ताई."

"म्हातारा झालास."

"झालो."

"तो न्हाई झाला," त्या फोटोकडे पाहून म्हणाल्या. "ही कोण?"

"मी याची थोरली बहीण," मी म्हणाले.

"मंग तुम्ही बसा. तुमची काय ड्युटी न्हाई."

मी बसले. मला असे सांगणारे माणूस मी फार वर्षांनी पाहिले.

रंगराव खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. मी खुर्ची पुढे ढकलली. "बस. छातीत कळ येईल."

"पहाऱ्यावर बसत नाहीत, आक्का."

चंद्रभागाबाईंनी त्याला मुळीच सवलत दिली नाही. उशी वर घे. पंखा कमी कर. पाणी दे, एवढं नको, चमच्यानं. त्याने सगळे केले. मधूनमधून तो भिंतीला हात लावून श्वास घेई आणि पुन्हा सरळ होई. मी मनात रागावत होते आणि घड्याळाकडे पाहत नव्हते.

"दुपारी झोपायला मिळंल म्हणाला व्हता?" त्यांनी अचानक विचारले.

"हो. हसत म्हणाला."

"लहानपणापासनं तसाच. जेवला की कलंडायचा. आई तोंडावर पाणी मारायची त्येच्या." त्या हसल्या, मग खोकल्या, मग बराच वेळ डोळे मिटून राहिल्या. "आईला लोक म्हणायचे, तुझ्या पोरानं देशासाठी जीव दिला. ती म्हणायची, दिला न्हवं, गेला. माझ्या झोपाळू पोराला कुणी जागं ठिवलं, त्ये सांगा. कुणी सांगितलं न्हाई."

"मी सांगायला आलो होतो, ताई. तोंड उघडलं नाही."

"आज उघडलंस ना."

रंगराव पुन्हा भिंतीला टेकला. मी उठले, तशी त्याने हाताने मला थांबवले. तो हात दादांचा होता, आणि मी बसले.

दाराचे कुलूप वाजले. सून निकिता शाळेची पर्स खांद्यावर घेऊन आत आली आणि अनोळखी म्हातारा पाहून उंबऱ्यातच थबकली.

रंगरावाने टाचा जुळवल्या. "गोळी दिली. पाणी दोनदा घेतलं. थोडा वेळ झोपल्या होत्या. बाकी सर्व ठीक. आता तुम्ही आलात, तर मी सुटू?"

निकिताने गोंधळून सासूकडे पाहिले.

"म्हण गं, सुटा म्हण," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "त्येला कुणीतरी म्हणायला पायजे."

"सुटा, काका," निकिता म्हणाली.

चंद्रभागाबाईंनी खाटेवरून हात पुढे केला आणि त्याचे मनगट धरले. "सीतारामची ड्युटी झाली. माझं तुझ्याकडं काय ऱ्हायलं न्हाई. फिटलं सगळं. आता बस खाली."

आणि माझा भाऊ बसला.