आठ गोणी तांदूळ आणि मी

माझ्या अंगावर पत्रे जोडणारे एकशे चौऱ्याऐंशी रिव्हेट आहेत, मित्रांनो. त्यांतले सात सैल होते. बसायच्या फळ्या तीन, वल्ही दोन, उजव्या कुशीला पोचे चार. मी एक जुनी होडी आहे, ॲल्युमिनियमची, बारा फूट लांब, सपाट बुडाची.

रसायनीतल्या एका कारखान्याने मला तळ्यातल्या पाण्याचे नमुने घ्यायला आणलं. नऊ वर्षं मी ते काम केलं. 'ही डुलत नाही, बाटली भरायला बरी,' असं माणसं म्हणत. पुढे नमुने नळातूनच मिळू लागले आणि मी भिंतीआड उताणी पडले. चार पावसाळ्यांचं पाणी माझ्यात साचलं, पानं कुजली, डास झाले. शेवटी भंगारात निघाले. भंगारवाले शकूरभाई मला तोडणारच होते; पण ते मूळचे खाडीकाठचे. त्यांनी माझ्या बुडावरून हात फिरवला आणि घण खाली ठेवला. त्या हाताचे उपकार मी विसरलेली नाही.

त्यांच्याकडे होडी शोधत मिलिंद आला. तो खालापूरकडच्या एका गावातला, कारखान्यात फिटर. रविवारी ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून, पाय पाण्यात सोडून, तलावात गळ टाकायचा. त्याची बायको उज्वला हिने बजावलं होतं, की होडी घ्यायचीच तर घरातले सगळे बसतील अशी घ्या. सगळे म्हणजे ते दोघं, मुलगी दर्शना आणि मिलिंदची आई गंगाबाई. गंगाबाईंची धाकटी बहीण जिजा तलावापलीकडे राहते. गाडीरस्ता तिच्या वस्तीच्या बराच अलीकडे संपतो आणि पुढचा चढ गंगाबाईंच्या गुडघ्यांना झेपत नाही. तीन वर्षं दोघी फोनवरच भेटत होत्या.

शकूरभाईंनी टेंपोत दोन होड्या चढवल्या: मी आणि एक निमुळती, खोल बुडाची. पाण्यात बघा, मग बोला, एवढंच ते म्हणाले.

मिलिंदचा जीव निमुळतीवर जडला. ती सुरीसारखी पाणी कापायची. तिच्यापुढे मी म्हणजे परात. गंगाबाई काठावर खुर्ची टाकून बघत होत्या. गळ टाकायची वेळ आली आणि मिलिंद सवयीने होडीच्या कडेवर बसला, ट्यूबवर बसतो तसा, दोन्ही पाय पाण्यात सोडून. ट्यूब ते सोसते. निमुळती कलंडली. तो गटांगळी खाऊन वर आला तेव्हा टोपी दूर तरंगत होती.

"गळ नको, तुमीच उतरा पाण्यात," उज्वला म्हणाली आणि हसत सुटली.

गंगाबाई हसल्या नाहीत. "मी नाय बसायची," त्या म्हणाल्या. "जिजाला सांगा, फोनवरच बरी हाय."

दर्शना कर्जतच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते. तिने बाबांना तीच चूक माझ्या कडेवर करायला लावली. मी कलले आणि तिथेच थांबले. मग तिने घरून तीस-तीस किलोच्या आठ गोणी तांदूळ आणवले. चौघांचं वजन मिळून दोनशे पस्तीस भरत होतं. एकेक गोणी ठेवायची आणि पट्टीने माझी कड पाण्यापासून किती वर आहे ते मोजायचं. रिकामी असताना त्रेचाळीस सेंटिमीटर, आठ गोणींवर छत्तीस. पण गोणी उतरवल्या तेव्हा खालच्या दोन ओल्या निघाल्या. माझे सात सैल रिव्हेट असे उघडे पडले. गंगाबाईंनी ओले तांदूळ मुठीत घेऊन पाहिले आणि घराकडे वळल्या.

मिलिंदने मला नाकारलं नाही, ही त्याची कृपा. पुढचा रविवार त्याने माझ्या बुडाखाली घालवला. सातही रिव्हेट पुन्हा ठोकले, वर फटी बुजवायला लुकण भरलं. त्यानंतरच्या रविवारी त्याच आठ गोणी माझ्यावर तासभर राहिल्या. उचलायला सगळे पुढे झाले, तर गंगाबाईंनी थांबवलं. त्यांनी स्वतः तळाच्या गोणीखाली हात घातला. हात बाहेर काढून निरखला, पदराला पुसला, पुन्हा घातला.

"तांदूळ कोरडा हाय, दर्शे," त्या म्हणाल्या. "मग मी कशाला भिजू?"

अर्ध्या तासात आम्ही पलीकडे होतो. जिजा गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती. तिने माझी कड धरली ती बहीण उतरेपर्यंत सोडली नाही.

निमुळती परत गेली. आता मिलिंद पहाटे माझ्यातून गळ टाकतो, दुपारी घरची माणसं डबे घेऊन बसतात. माझ्यासारख्या जुनीला दोन्ही कामं मिळाली, याहून काय हवं? मित्रांनो, तुमच्याकडे एखादी होडी असेल तर काम झाल्यावर तिला पाण्याबाहेर काढून पालथी ठेवा, रिव्हेट बोटाने चाचपा, कडेवर बसू नका, आणि पाण्यात तरंगवणारं जाकीट घातल्याशिवाय कुणाला चढू देऊ नका.

गेल्या रविवारी जिजा बहिणीकडे आठ दिवस राहायला निघाली. पाच माणसं, पाच जाकिटं, जिजाची पिशवी आणि एक रोहू. निघण्याआधी दर्शनाने पट्टी लावली. माझी कड पाण्यापासून साडेचौतीस सेंटिमीटर वर होती.