ठेवा म्हणजे जागेवर ठेवा

सामान न्यायला गाडी दुपारी येणार होती आणि सकाळपासून माझं डोकं तापलेलं होतं. एरवी ते फार थंड असतं अशातला भाग नाही. कारखान्यात फिटर होतो तेव्हा हाताखालची मंडळी मला पाठीमागे 'फटाका' म्हणायची. मला ठाऊक होतं, पण काम चोख करायची म्हणून मी कानाडोळा करायचो.

मुलीकडे निघालो होतो, परदेशात, कायमचे. हौस म्हणून नव्हे. गेल्या थंडीत माझ्या छातीत कळ आली, दवाखान्यात पडून राहावं लागलं, आणि मुलीनं तिकडून फोनवर सरळच विचारलं, "बाबा, उद्या तुम्हाला काही झालं तर आईचं काय?" त्याच आठवड्यात मी जायचं कबूल केलं. आमच्या हिला दिसत नाही. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग समोरचंही गेलं. आता उजेड आहे की अंधार, एवढंच काय ते कळतं.

पण घरात मात्र हिचं राज्य. साखर डावीकडे, तिच्या शेजारी चहाची पूड, मीठ कोपऱ्यात, लायटर शेगडीवरच्या खिळ्याला, फडकं उजव्या बाजूच्या कडीला. कुणी डबा वीतभर सरकवला की लगेच, "कोण आलं होतं इथे?" एकदा मी चमचा भलत्याच जागी टाकला, तर अख्खा दिवस माझ्याशी धड बोलली नाही. डोळे गेले तेव्हा बाईनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, कारण हातातलं काम शाबूत होतं. तिकडे परक्या स्वयंपाकघरात ते काम सुटलं तर ही खचेल, याची मला धास्ती होती. आठवडाभर त्याच धास्तीनं झोप लागत नव्हती.

म्हणून मी ठरवलं, काय न्यायचं ते हिनंच सांगायचं. हिला पलंगावर बसवलं आणि स्वयंपाकघरातली एकेक वस्तू आणून हातात द्यायला लागलो.

"अगं, याचं काय करू?"

ती वस्तू चाचपायची, झाकण फिरवून बघायची, मग माझ्याकडे परत द्यायची. "ठेवा."

मी ती खोक्यात ठेवायचो. साखरेचा डबा? ठेवा. पोचा आलेलं पातेलं? ठेवा. कान तुटलेला कप दिला तर म्हणाली, "हा अजून आहे? टाका." लायटर दिला तेव्हा जरा कपाळाला आठी पडली. "ठेवा हो. तो कशाला काढलात?" मला वाटलं, हिला म्हणायचंय, यात विचारायचं काय, तो तर न्यायचाच. मनातून मी खूश होतो. बाई सगळंच न्यायचं म्हणतेय, म्हणजे तिकडे जाऊन हातपाय हलवायचा विचार आहे. खोकी भरत आली.

"चहा टाकते," ती उठली. "तुमचा आवाज चढायला लागलाय."

ती भिंतीला बोटं लावत आत गेली. मी खोक्याला नायलॉनची दोरी आवळली. दोरीचं टोक सुटत होतं, ते जाळून घट्ट करावं म्हणून खिशातून काडेपेटी काढली. काडी पेटीला टेकवली आणि तेवढ्यात वास आला.

गॅसचा.

काडी हातातून कधी पडली, आत कसा पळालो, काही कळलं नाही. ही स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती, शेगडीकडे पाठ करून. दोन्ही हात पुढे, बोटं हवेत उघडमीट करतायत. शेगडी मागे सूं सूं करत होती. आयुष्यात मी हिला असं पाहिलं नव्हतं.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "शेगडी कुठे गेली?"

मी शेगडी बंद केली, सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली, हिला दंडाला धरून बाहेर आणलं. आणि मग, भीती वाटली की मी जे करतो तेच केलं. ओरडलो.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी काडी ओढत होतो तिकडे! दोघांच्या चिंधड्या उडाल्या असत्या!"

"माझा लायटर कुठाय? गॅस सोडून खिळ्यावर हात नेला तर खिळा मोकळा! साखर शोधली तर साखर नाही, कडीला फडकं नाही. वळले, चाचपलं, कुठेच काही नाही. कुठल्या दिशेला तोंड आहे तेच कळेना!"

"खोक्यात आहे सगळं! तूच म्हणालीस ना, ठेवा!"

"ठेवा म्हणजे जागेवर ठेवा! जिथून उचललंत तिथे ठेवा! इतकी वर्षं या घरात ठेवा म्हणजे दुसरं काय म्हणतेय मी?"

खरंच होतं तिचं. दिसेनासं झाल्यापासून तिच्या तोंडी या शब्दाला एकच अर्थ होता. मी काही हातात घेऊन घुटमळलो की आतून आवाज यायचा, "ठेवा." मी निमूट जागेवर ठेवायचो. आज मात्र खोकी समोर होती आणि मी, अकलेचा कांदा, जगासारखा अर्थ लावत बसलो.

"मग न्यायचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. मला वाटलं, शेवटचा हात लावून घ्यावा म्हणून तुम्ही एकेक आणून देताय. म्हणून हात लावून परत देत होते."

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी. पडद्यावर तिचा चेहरा आणि मागे तिचं चकचकीत स्वयंपाकघर.

"बाबा, गाडी आली का? धापा का टाकताय?"

हिनं हात पुढे करून फोन मागितला. "काही नाही, ओरडतायत, नेहमीचंच. मला एक सांग, तुझ्या शेगडीला कान आहेत का?" शेगडीच्या बटणांना ही कान म्हणते, पिळायचे म्हणून.

"कान नाहीत गं. सपाट काच आहे. बोट लावलं की चालू."

"मग बोट कुठे लावायचं ते मला कसं कळणार?"

"तुला कशाला कळायला हवं?" मुलगी हसली. मायेनंच हसली, तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. "खूप केलंस आयुष्यभर. आता खुर्चीत बसायचं. चहा हातात मिळेल."

हिनं फोन माझ्याकडे दिला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"तुम्ही जा," ती मला म्हणाली. "मी येत नाही."

"एकटी राहणार?"

"एकटी राहीन. पडले तर पडले. खुर्चीत बसून मरायला मला परदेश कशाला हवाय?"

"आई, हट्ट करू नकोस हं!" फोनमधून आवाज आला. "बाबांच्या तब्येतीचा तरी विचार कर."

माझ्या छातीत धडधडत होतं, डॉक्टरांनी चिडू नका म्हणून बजावलं होतं. गेलं खड्ड्यात! "हट्ट? याला हट्ट म्हणतेस? तुझ्याच घरात डोळे मिट आणि घोटभर पाणी पिऊन दाखव! मग बोल!"

मुलगी कुणाची? माझीच. "दाखवते!" म्हणाली, फोन कशाला तरी टेकवून उभा केला, डोळे गच्च मिटले आणि उठली.

"काय करतेय?" हिनं विचारलं.

"डोळे मिटून चाललीये."

चार पावलं गेली असेल नसेल, टेबलाचा कोपरा कमरेला लागला. "आई गं!" मग ओट्यावरून हात फिरवत निघाली. हात कशाला तरी लागला, ते पुढच्याला लागलं, आणि खळ्ळकन आवाज झाला.

"अनवाणी आहे ती!" मी ओरडलो.

"हलू नकोस!" ही इतक्या जोरात म्हणाली की मीच दचकलो. "पाय उचलू नकोस. काच कुठल्या अंगाला पडली?"

"डावीकडे," मुलीचा आवाज कापत होता.

"उजवा हात पसर. काय लागतंय?"

"ओट्याची कड."

"धर ती, सोडू नकोस. आता मागे यायचं. आधी बोटांनी फरशी चाचप, मग पाऊल टेक. घाई नाही."

तिला डोळे उघडता आले असते. मीही सांगू शकलो असतो, वेडे, उघड डोळे. पण ती आई सांगेल तशी मागे येत राहिली आणि मी तोंड मिटून बघत राहिलो. खुर्ची पायाला लागली तेव्हा ती मटकन बसली, डोळे उघडले आणि लहानपणी रडायची तशी रडायला लागली.

"मला पाणीसुद्धा घेता आलं नाही गं. माझ्याच घरात."

"पहिल्यांदा मलाही नव्हतं आलं. पेले तर किती फुटले. मग जागा लावून घेतल्या."

मुलीनं मनगटानं गाल पुसले आणि वळून आपल्या ओट्याकडे पाहिलं.

"इथल्या जागा तू लाव," मुलगी नाक ओढत म्हणाली. "तू म्हणशील तशा. मी काही हलवणार नाही."

"आणि तुझा नवरा?"

"त्यालाही सांगते."

"जावईबापू ऐकतील?"

"नाही ऐकलं तर बाबा आहेतच की ओरडायला."

"त्या काचेवर खुणेला खडबडीत काहीतरी चिकटवता येईल," मी म्हणालो. "ते काम माझं."

"तुम्ही मध्ये बोलू नका," ही म्हणाली. मग फोनच्या दिशेनं वळली. "फार अवघड नसतं ते. मी आले की शिकवते तुला."

शिकवते म्हणाली. मला एकदम रडू फुटलं. तोंडावर हात दाबून धरला, आवाज बाहेर पडू नये म्हणून. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"अहो, रडताय काय?"

"छे!"

"ऐकू येतं मला. डोळे पुसा आणि खाली जा. गाडीवाल्याला सांगा, मालकीणबाई सामान निवडतायत, वेळ लागेल."