दुर्बिणीतले कुंकू

मित्रांनो, लंडनजवळच्या पिनरमधल्या एका घराच्या मागच्या खिडकीत जी जुनी, जड दुर्बीण ठेवलेली दिसते, ती मी आहे. माझ्या अंगावरचे कातडे कोपऱ्यांवर उडाले आहे, गळ्यातला पट्टा दोनदा बदलला आहे आणि माझ्या उजव्या डोळ्यात एक लाल ठिपका आहे. तो तिथे कसा आला आणि त्याने काय केले, हे सांगितल्याशिवाय माझे आयुष्य सांगून होणार नाही. गोष्ट भीतीची आहे. पण आपण सगळे घरात बसलो आहोत, दारे लावलेली आहेत, तेव्हा ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. अंगावर कंपनीचे नाव होते, ते हात लागून लागून पुसले गेले. मला आठवते ते एडिनबरामधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानाचे कपाट. तिथे मी एका बंद पडलेल्या घड्याळाशेजारी धूळ खात होते. एका दुपारी एक तरुण डॉक्टर आत शिरला. बाहेर पाऊस होता म्हणून शिरला होता, खरेदीसाठी नव्हे. त्याने मला उचलले, दुकानाच्या दारातून समोरच्या छपरावर रोखले, आणि तिथे बसलेल्या सीगल पक्ष्याने त्याच्याकडे असे काही रागाने पाहिले की डॉक्टर मोठ्याने हसला. त्या हसण्यातच मी त्याची झाले.

त्याचे नाव राजीव. शस्त्रक्रिया करणे हे त्याचे काम आणि थट्टा करणे हा त्याचा स्वभाव. त्याची बायको सुलक्षणा भूलतज्ज्ञ होती. पुष्कळ वर्षे दोघांनी एकाच हॉस्पिटलात, एकाच टेबलाशी काम केले. तिथली एक रीत राजीव पाहुण्यांना हमखास सांगायचा. पेशंट झोपला की तो सुलक्षणाकडे बघायचा आणि मराठीत विचारायचा, "काय म्हणतोय पेशंट?" ती एकदा नीट पाहायची आणि म्हणायची, "हं, करा." ते दोन शब्द आल्याशिवाय त्याने कधी सुरी लावली नाही. "मी जगात कुणाचं ऐकत नाही, पण हिचं 'हं, करा' म्हणजे ब्रह्मवाक्य," असे तो म्हणे. पाहुणे हसत, आणि सुलक्षणा खोटे खोटे रागावून चहा ठेवायला जाई.

सुट्टीत ते मला समुद्रावर नेत. मी त्यांना सील दाखवले, पाण्यात सूर मारणारे पक्षी दाखवले. सुलक्षणा वाऱ्याने कुडकुडत म्हणायची, "अहो, पुरे आता. पक्षी काही पळून जात नाहीत." नेमके तेव्हाच ते उडून जात. एकदा डोंगरावरच्या खडकांत मी राजीवच्या हातून निसटले. काचा शाबूत राहिल्या, पण माझ्या उजव्या डोळ्याची कडी सैल झाली ती झालीच. "हलतेय थोडी, पण दिसतंय ना?" असे म्हणून त्याने विषय संपवला. डॉक्टर लोक स्वतःच्या घरात असेच उपचार करतात.

पुढे बदली झाली, घर पिनरला आले, त्यांची मुलगी आश्लेषा इथेच वाढली. दर दसऱ्याला त्या घरात हत्यारांची पूजा होई. ज्या वस्तूवर आपले पोट चालते, तिच्यापुढे त्या दिवशी हात जोडायचे. पाटावर स्टेथोस्कोप येई, गाडीच्या किल्ल्या येत, आश्लेषाचा लॅपटॉप येई. राजीव मलाही आणून ठेवायचा. सुलक्षणा म्हणायची, "हिच्यावर कसलं आलंय आपलं पोट?" तो म्हणायचा, "पोट नाही, पण जीव आहे." मग मलाही हळदकुंकू लागे आणि डोक्यावर झेंडूचे फूल बसे. खरे सांगते, त्या दिवशी मी जरा ताठ्यातच असे.

दोघे निवृत्त झाले, त्या वर्षीच्या दसऱ्याला आफ्रिकेची तिकिटे पाटावर माझ्या शेजारी होती. राजीवला सिंह पाहायचे होते. पिंजऱ्यातले नव्हेत, त्यांच्या त्यांच्या रानातले. सुलक्षणाला त्या प्रवासाची धाकधूक होती. म्हणून तिने त्या दिवशी माझ्यावर नेहमीपेक्षा सढळ हाताने कुंकू वाहिले आणि म्हणाली, "सुखरूप नेऊन आण गं बाई." त्यातले चिमूटभर कुंकू माझ्या सैल कडीच्या फटीत गेले. ते कुणाला दिसले नाही.

आफ्रिकेतले पहिले दिवस सुखाचे गेले. त्या अभयारण्यात आपली गाडी आपण चालवायची मुभा होती. फाटकावर मोठी पाटी होती: गाडीतून उतरू नका. फाटकावरच्या माणसाने ती पाटी असूनही तोंडाने समजावले की सिंहाला गाडी म्हणजे एक मोठे, कंटाळवाणे जनावर वाटते. तो तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. पण त्या जनावरातून माणूस वेगळा झाला, की सिंहाचे सगळे हिशेब बदलतात. राजीवने मान डोलावली. मी त्यांना किती सिंह दाखवले! झाडाखाली पाय वर करून लोळणारे, एकमेकांच्या कानांना चाटणारे. सिंह आपल्याकडे पाहतो तेव्हा तो आपल्या आरपार पाहत असतो, हे मला तिथे कळले. ती नजर माझ्या काचेवर पडली की मला थंडी वाजे.

शेवटच्या सकाळचा रस्ता फार खडबडीत होता. मी सुलक्षणाच्या मांडीवर होते. हादरे बसून बसून कडीत अडकलेले कुंकू सुटले आणि माझ्या आतल्या काचेवर उतरले. मला ते कळले, पण दुर्बिणीला तोंड नसते. तेवढ्यात गाडीचा टायर फुटला.

राजीवने फाटकावर फोन लावला. आतच बसा, माणूस येतो आहे, असे उत्तर आले. त्यांनी काचा लावून घेतल्या. ऊन चढू लागले. माणूस काही येईना. "टायर बदलणं ते काय," राजीव म्हणाला, "याहून अवघड कामं केलीत आपण." लांब एका काटेरी झाडाखाली पिवळसर काहीतरी पडलेले होते. त्याने तिकडे हनुवटीने दाखवले आणि थट्टेने विचारले, "काय म्हणतोय पेशंट?"

सुलक्षणाने मला डोळ्यांना लावले. झाडाखाली एक सिंहीण होती.

"अहो, तोंड रक्तानं माखलंय तिचं," ती म्हणाली. "चांगली पोटभर जेवलेली दिसतेय. डोळे मिटायला लागलेत."

"नक्की?"

"हं, करा."

मित्रांनो, मी तिला गवतही दाखवत होते. सिंहिणीच्या मागे, वाळक्या गवतात, दोन जोड्या लहान कान हलत होते. पण एकदा लाल दिसले की माणूस बाकीचे पाहत नाही. गाडीचे दार उघडल्याचा आवाज झाला. पुढचे मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात आणि मी म्हातारी, आपल्या दोघांनाही ते सोसायचे नाही. एवढेच सांगते की झोपलेल्या सिंहिणीला उठायला वेळ लागत नाही. राजीव गाडीत परत आला नाही.

नंतर अभयारण्यातल्या लोकांनी सांगितले की ती सिंहीण लेकुरवाळी होती आणि त्याआधी तिने शिकार केलेलीच नव्हती. तोंडाला रक्त असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच संध्याकाळी तिला गोळी घालण्यात आली. गवतातल्या त्या कानांचे काय झाले, ते आम्हाला कुणी सांगितले नाही.

मग सुलक्षणाने पाहिले ते कोणाचे रक्त? शिकलेली, आयुष्यभर आकड्यांवर आणि यंत्रांवर विश्वास ठेवणारी ही बाई, पण या प्रश्नाने तिला आतून पोखरले. ती एकदाच आश्लेषाशी बोलली. "मला त्यांचं रक्त आधीच दिसलं होतं गं. दाखवणाऱ्यानं दाखवलं, आणि मी 'करा' म्हणाले." आश्लेषाला वाटले, आईला दुःखाने भ्रम झाला आहे. तिने आईचा हात घट्ट धरला आणि विषय बदलला.

मला जिन्याखालच्या कपाटात टाकले गेले. घरात दसऱ्याची पूजाही बंद पडली. कपाटाच्या अंधारात माझ्यापुढे सतत तीच सिंहीण बसलेली असे. बाहेरच्या खोलीत दुपारी खुर्चीत डोळा लागला की सुलक्षणा पुटपुटायची, "हं, करा," आणि लगेच दचकून, "नको, नको." आम्ही दोघी एकच गोष्ट पाहत होतो आणि मध्ये एक पातळ दार होते. मला काय ठाऊक होते ते मी तिला सांगू शकत नव्हते, याहून मोठा छळ मी भोगलेला नाही.

अशी सात वर्षे गेली. आश्लेषा ब्रॅकनेल या गावी नोकरी करते. तिची मुलगी अन्वी सुट्टीत आजीकडे येते. अन्वीला सिंहांचे वेड लागले. आजोबांना कसे मरण आले, ते तिला माहीत होते, तरीही लागले. आश्लेषाने तिला आफ्रिकेला न्यायचे ठरवले तेव्हा त्या घरात मी पहिल्यांदा भांडण ऐकले.

"मी जिवंत असेपर्यंत नाही!" सुलक्षणा ओरडली.

"आई, या वेळी गाइड आहे, प्रॉपर व्हेइकल आहे. किती वर्षं घाबरायचं? ती पण घाबरूनच वाढणार का?"

"तुला माहीत नाही मला काय दिसलं होतं!"

आश्लेषा रागाने पाय आपटत गाडीकडे गेली. बिचारी अन्वी जिन्याखाली येऊन बसली, आणि बसल्या बसल्या तिने कपाट उघडले. सात वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. तिने माझा पट्टा गळ्यात घातला आणि मला मागच्या बागेवर रोखले. कुंपणावर शेजारच्यांची मांजर बसली होती.

"आजी, कम क्विक! मांजराचा तोंडाला ब्लड आहे! त्याने रॉबिन बर्ड खाल्ला!"

सुलक्षणा स्वयंपाकघराच्या दारातच थिजली. अन्वी मला हलवत राहिली. "नो, वेट... रॉबिन तिकडे आहे. पण त्याला पण ब्लड आहे." मग तिने मला पुढच्या खिडकीतून रस्त्याकडे वळवले. गाडीला टेकून आश्लेषा डोळे पुसत होती. "आजी," अन्वी हळूच म्हणाली, "मम्मीला पण आहे. सगळ्यांनाच आहे."

सुलक्षणाने मला तिच्या हातून घेतले. तिने कोपरे मागच्या खिडकीवर टेकवले आणि मांजरीकडे पाहिले. लाल. मग दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या टॉवेलकडे पाहिले. तिथेही लाल. तिने माझी सैल कडी फिरवून काढली, आत बोट घातले आणि ते उजेडात धरले. मग नाकाशी नेले. आपण स्वतः वाहिलेले कुंकू बाई विसरत नाही.

ती तिथेच जमिनीवर बसली. अन्वीने हाक मारली म्हणून आश्लेषा धावत आत आली.

"मला काही दिसलं नव्हतं गं," सुलक्षणा तिला बोट दाखवत म्हणाली. "कुंकू होतं. माझंच." ती हसली, आणि ते हसणे रडण्यापेक्षा वाईट होते. "म्हणजे मीच केलं."

"आई, नाही. बाबांनी बोर्ड वाचला होता. खरंच रक्त असतं तरी उतरायचं नव्हतं. पोट भरलेला सिंह म्हणजे काय झोपवलेला पेशंट आहे का?"

सुलक्षणाने ते मानले की नाही, मला सांगता येत नाही. पण तिने अन्वीला जवळ ओढले, तिचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाली, "जा तू. सिंह बघून ये. पण ऐक. दुर्बिणीतून काहीही दिसलं, कुणीही काहीही सांगितलं, तरी दार उघडायचं नाही. मी जरी सांगितलं तरी नाही. कळलं?"

"आय प्रॉमिस, आजी."

आश्लेषा मला दुकानात नेऊन साफ करून आणणार होती. अन्वीने मला छातीशी धरले. "डोंट. ते काढलं तर मी विसरेल." म्हणून ठिपका राहिला. मी तो मिरवत पुन्हा आफ्रिका पाहिली. या वेळी गाडी वाटाड्याची होती. तो सिंहांपासून लांब थांबायचा, कुणाला उभे राहू देत नसे, आवाज चढू देत नसे. एका सकाळी गवतात एक सिंह आडवा पडलेला दिसला. माझ्यातून त्याचे तोंड रक्ताने माखलेले होते. अन्वीचा श्वास माझ्या काचेवर धुके करत होता. तिने सिंहावरची नजर न काढता फोन तोंडाशी धरला आणि आजीसाठी निरोप बोलली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची काळजी घ्या. सैल कडी वेळेवर घट्ट करा, काच पुसा, प्रेमाने वाहिलेले कुंकूसुद्धा कुठे सांडते ते पाहा. आणि माझे एवढे ऐका. मी लांबचे जवळ आणते, पण ते फक्त तुमच्या डोळ्यांसाठी. पाय आहेत तिथेच राहू द्या. तसे राहिलात, तर तुम्हीही घरी याल आणि सिंहीणही आपल्या पिल्लांकडे जाईल.

आता मी पुन्हा पिनरला आहे, मागच्या खिडकीत. या दसऱ्याला पाट मांडला गेला; माझ्यावर नुसते फूल होते. संध्याकाळी बागेत अंधारू लागले की कुंपणापाशी मला ती सिंहीण अजूनही बसलेली दिसते. सुलक्षणालाही दिसत असावी, कारण त्याच वेळी ती माझ्याजवळ येऊन बसते आणि फोनवर अन्वीचा तो निरोप लावते.

"आजी, लायन दिसला. त्याचा तोंड लाल आहे. दार बंद आहे."

सुलक्षणा बागेकडे पाहत मान हलवते आणि हलक्या आवाजात म्हणते, "अहो, उघडू नका हं."