बरणीतलं पाणी

इस्पितळात तिला पाठीमागे सगळे 'वजनकाटा' म्हणत, आणि ते तिला ठाऊकही होतं. आहारतज्ज्ञ बाई ती. समोरच्याचं नाव विचारायच्या आधी ती त्याला काट्यावर उभं करी. पण गेले दोन महिने पेशंट घरातच होता, आणि त्या पेशंटपुढे बाईंच्या सगळ्या विद्येने हात टेकले होते. आईच्या तोंडाची चव गेली होती.

आईचं हृदय जरा अशक्त झालं, आठ दिवस इस्पितळात काढले, आणि घरी आली ती जेवणाशी उभा दावा मांडूनच. मीठ कमी करा, असं डॉक्टरांचं फर्मान. तेव्हा सूप पुढे केलं की ती म्हणे, भांडी विसळलेलं पाणी आहे. उकडलेला बटाटा म्हणजे साबण. काट्यावरचा आकडा चाळीसच्या खाली गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत चाळीसच्या वर आणा, नाहीतर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. आईने लेकीला बजावलं की नळी घातलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आणि नुसतं बजावलं नाही, दोन दिवस आगाऊच बोलली नाही.

मग ती हिरव्या ऑलिव्हची बरणी घरात आली. लेकीने स्वतःच्या सॅलडसाठी आणली होती. आईने ताटलीतलं एक उचलून तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं, बी काढून बशीच्या काठावर ठेवली आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. लेकीचा घास हातातच राहिला. दोन महिन्यांत आईने स्वतःहून काही मागितलं असेल तर ते हे!

त्या दिवसापासून बाईंनी हिशेब मांडला. ऑलिव्हमध्ये चरबी असते, पण ती हृदयाला सोसणारी. थोडं ई जीवनसत्त्व, थोडा चोथा. वाईट एवढंच, की ती मुरतात मिठाच्या पाण्यात. म्हणून रोज फक्त सहा, तीही नळाखाली धुऊन. ती दुपारी कामावर असायची, म्हणून आईला सांगून ठेवलं की बिया बशीत ठेवायच्या, मी संध्याकाळी मोजणार. रोज संध्याकाळी बशीत सहा बिया. आई आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई, टाक्याला टाका लावणारी. सहा म्हणजे सहाच.

आणि आकडा चढायला लागला! एकोणचाळीस किलो चारशे ग्रॅम होता तो चाळीस शंभर झाला, नवव्या दिवशी एक्केचाळीस दोनशे. सकाळी आईला काट्यावर उभं करायचं, वाकून आकडा वाचायचा आणि मोठ्याने ओरडायचं, हा कार्यक्रमच झाला. लेकीच्या जिवात जीव आला. डॉक्टरांना तिने फोनवर आकडे सांगितले, त्यांनीही नळीचं तूर्त राहू द्या म्हटलं. मग काय विचारता! इस्पितळात जो येईल त्याला बाई ऑलिव्हचे गुण ऐकवू लागल्या. वॉर्डातल्या सिस्टरने विचारलं सुद्धा, की कंपनीत भागीदारी घेतलीय की काय.

इतकं सगळं छान चाललेलं, पण तिला स्वस्थता म्हणून नव्हती. बसली की उठावंसं वाटे. उगाच फ्रिज उघडायची आणि बंद करायची. आईच्या पाठीशी दोन उशा असायच्या, त्या तीन झाल्या होत्या, हे तिने पाहिलं होतं. विचारलं तर आई म्हणाली, म्हातारपणी जरा ऐष करू दे की. ती हसली आणि कामाला निघून गेली. खोटं कशाला बोला, तिला पुढे विचारायचंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिच्यापुढे एक जाडजूड पेशंट रडकुंडीला येऊन बसला होता. दोन दिवस बाहेरचं खाल्लं तर वजन दीड किलोने वाढलं, म्हणजे माझं आता काही खरं नाही, असं त्याचं म्हणणं. बाईंनी रोजचं भाषण सुरू केलं. एक किलो चरबी अंगाला लागायला सात हजारांवर कॅलऱ्या जास्तीच्या पोटात जाव्या लागतात, दोन दिवसांत असं काही होत नसतं. हे मिठाने धरून ठेवलेलं पाणी आहे, वजन चढलं म्हणजे माणूस भरला असं नव्हे. हे वाक्य तिने आजवर हजारदा म्हटलं असेल. आज ते तोंडातून निघालं आणि हातातली पेन्सिल थांबली.

सहा ऑलिव्ह. फार तर चाळीस कॅलऱ्या. आणि नऊ दिवसांत जवळजवळ दोन किलो.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या बिचाऱ्या पेशंटला तसाच बसवून ती सिस्टरकडे गेली, घरी जाते म्हणाली आणि चालत सुटली. बसची वाट बघत उभं राहणं तिला शक्यच नव्हतं. रस्ताभर ती एकच गोष्ट मोजत होती, सहा बिया, सहा बिया. सहांत एवढं मीठ येत नाही, तर मग आलं कुठून?

आई खुर्चीत तीन उशांना टेकून झोपली होती, तोंड उघडं, श्वास आखूड; आडवं झालं की दम लागत असणार. लेक आधी फ्रिजपाशी गेली. तिने बरणी बाहेर काढली आणि उजेडात धरली. ऑलिव्ह पाण्यात बुडालेली असतात. या बरणीत वरची दोन बोटं ऑलिव्ह कोरडी पडली होती, नुसती डोकी वर काढून. रोज ती बिया मोजत होती, आणि पाणी जात होतं. शेजारी ओट्यावर एक चमचा होता, आणि सूपाचा वाडगा, पार पुसून घेतल्यासारखा रिकामा.

मग तिला दोरीवर वाळत घातलेले मोजे दिसले. तिने एक हातात घेतला. वरची इलॅस्टिकची पट्टी उसवून काढलेली होती, आणि कडेला इतकी बारीक, इतकी सुबक टीप घातलेली, की मुद्दाम पाहिल्याशिवाय कळू नये. मोज्याचा वळ पायावर उठू नये म्हणून.

ती खाली बसली आणि आईच्या पायावरची चादर बाजूला केली. घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला, आणि भरून यायला वेळ लागला. आई जागी झाली होती.

"कधीपासून सुजलेत पाय?"

"आठवडा झाला असेल."

"आणि सूपात बरणीतलं पाणी घालत होतीस?"

आईने मान हलवली. दोन-दोन चमचे, म्हणाली. तेवढ्याने सूप गिळवत होतं.

"मग सांगायचं नाही मला? अगं, मी रोज हेच काम करते ना!"

"सांगणारच होते," आई म्हणाली. "पण सकाळी तू त्या काट्यापाशी अशी नाचायचीस. किती दिवसांनी हसत होतीस गं. म्हटलं, अजून एक दिवस."

लेक रडली. तिथेच, पायाशी बसून, मोजा हातात धरून. तिला आईचा राग आला होता आणि त्याहून दसपट स्वतःचा. आई तिला हसवण्यासाठी गप्प होती, आणि ती स्वतः हसता यावं म्हणून आंधळी झाली होती.

तासाभरात दोघी डॉक्टरांपुढे होत्या. त्यांनी लघवी होण्याची गोळी वाढवली, बरणी बंद, आणि पाणी उतरल्यावर खरं वजन बघू म्हणाले. नळीचं विचारलं तर त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. खाल्लं तर ठीक.

बरणी टाकायला तिचा हात काही धजेना. तिने ऑलिव्ह साध्या पाण्यात भिजत घातली, पाणी तीनदा बदललं, मग त्यांतली चारच बारीक चिरून बटाट्यात घातली, वर लिंबू आणि मिरपूड. आईने एक घास घेतला आणि बशी बाजूला सारली. अळणी, म्हणाली. पुढचे दोन दिवस हेच. लेक बशी पुढे करायची, आई सारायची. लेकीला झोप लागेना आणि जेवणही जाईना.

चौथ्या दिवशी सकाळी आई काट्यावर उभी राहिली. घोटे उतरले होते, पाठीशी पुन्हा दोनच उशा होत्या. लेक वाकली आणि आकडा वाचून तशीच राहिली. मान वर केली तेव्हा आई काट्याकडे बघतच नव्हती. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. लेकीने ओठ ताणून हसू आणलं.

"उगाच हसू नकोस," आई म्हणाली. "खरं सांग."

"अडतीस सहाशे."

आई जपून काट्यावरून उतरली. खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि हात पुढे केला.

"आण तो बटाटा."